आर्लीन डर्कसनचा न थकणारा गडी

कॅनडातल्या मॅनिटोबामधल्या विंकलरमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली की हवापाण्याच्या गप्पा मागाहून होतात, आधी आडनावं निघतात. डर्कसन का? कुठले, राइनफेल्डचे की होखफेल्डचे? आई कुणाकडची, फ्रीसनांची? असं करत करत पाचेक मिनिटांत दोघं चुलत नाहीतर मावस निघतात आणि मग एकमेकांची उणीदुणी काढायला मोकळे होतात. आर्लीन डर्कसनच्या बाबतीत मात्र एवढा खटाटोप लागत नाही. नुसतं नाव घेतलं तरी समोरचा म्हणतो, "ती होय? जी अजून कुणाला 'छान आहे' म्हणाली नाही, ती?"

हे अर्धसत्य आहे. नवऱ्याने, म्हणजे रूडीने, केलेल्या सॉसेजला ती एकदा "खाण्यासारखं आहे" म्हणाली होती. रूडी ते अजून सांगतो.

आर्लीन प्रोग्रॅमर आहे. ट्रेलर बनवणाऱ्या कारखान्याच्या मागे, टायरच्या दुकानाच्या माडीवर शाळेच्या बसगाड्यांचं सॉफ्टवेअर करणारी एक छोटी कंपनी आहे, तिथे ती पंधरा-वीस वर्षं बसते. कुठली बस कुठल्या रस्त्याने जाईल, कोणतं पोर कुठे चढेल, हे सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये ठरतं. पण त्यातला मुख्य भाग थंडीचा. वारा धरून थंडी ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली की बसगाड्या निघत नाहीत आणि पालकांच्या फोनवर पहाटे तसा निरोप जातो. हा भाग आर्लीनने एकटीने लिहिलेला. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, आणि कुणाला लावायची हिंमतही नाही.

प्रोग्रॅमिंग शिकण्याआधी दोन हिवाळे तिने स्वतः शाळेची बस चालवली होती. शेतघरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत लांबलचक वाट असते आणि त्या वाटेच्या टोकाला, वाऱ्याकडे पाठ करून, पोरं उभी असतात. बस दहा मिनिटं उशिरा आली तर त्यांच्या पापण्या एकमेकींना चिकटतात. हे जिने आरशातून पाहिलंय ती आकड्यांशी थट्टा करत नाही.

कंपनीत एक रीत होती. कुणीही काहीही लिहिलं तरी दुसऱ्याने वाचून होकार दिल्याशिवाय ते बाहेर पडत नाही. वाचणारी बहुतेक वेळा आर्लीनच; तिचं स्वतःचं लिखाण मात्र बाकीचे न वाचताच होकार देऊन मोकळे होत. तोंडाच्या एका कोपऱ्यातून सूर्यफुलाच्या बिया आत, दुसऱ्या कोपऱ्यातून टरफलं बाहेर, डोळे पडद्यावर. टरफलं पडायचा वेग मंदावला की समजावं, चूक सापडली.

आणि मग कंपनीत तो आला. कोड लिहून देणारा, कृत्रिम बुद्धीचा सहायक. त्याला आणलं टायसन वीबने. टायसन जुळ्या मुलींचा बाप, कायम झोप न झालेला, आणि म्हणून कुणीही काम हलकं करत असेल तर त्याच्या पाया पडायला तयार. तो आर्लीनच्या नणंदेचा पुतण्या लागतो, म्हणून तिला 'टांटे' म्हणतो. टांटे म्हणजे मावशी, आत्या, काकू, जे लागेल ते.

"टांटे, बघ तर खरं. जे करायला मला आठवडा लागायचा ते त्याने जेवणाच्या सुट्टीत केलं."

"तुला आठवडा लागायचा यात त्याचं काय कौतुक?"

"त्याला नाव काय द्यायचं आपण?"

"गडी," आर्लीन म्हणाली. "आमच्या बाबांकडे होता तसा. सांगितलं की राबायचा, कधी दमायचा नाही. एकच खोड. 'मला माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. एकदा बाबांनी बिटाचं शेत नांगरायला सांगितलं, तर ह्याने शेजाऱ्याचं नांगरलं. इतकं सरळ नांगरलं होतं की शेजारी तक्रार करेना."

नाव चिकटलं. गडी कामाला लागला आणि खरं सांगायचं तर आर्लीनचीही कामं हलकी झाली, फक्त ती तसं म्हणत नव्हती. जुन्या कोडचे जे कोपरे कुणी वर्षानुवर्षं झाडले नव्हते ते त्याने झाडले. सुट्टीच्या याद्या, रस्त्यांची नावं, छापायचे तक्ते, सगळं. पण लिहिणारा पळत सुटला की वाचणाऱ्याचा दम निघतो. टायसन सकाळी एक गठ्ठा पाठवायचा, दुपारी दुसरा. सगळं नीटनेटकं, भांग पाडलेलं. आर्लीन म्हणायची, "गबाळ्या माणसाची चूक गबाळी दिसते. ह्याची चूकसुद्धा इस्त्री करून येते."

थंडीच्या भागाला मात्र गड्याने शिवायचं नाही, हा तिचा हुकूम होता.

तो हुकूम नडला एल्मडेलमुळे. एल्मडेल सीमेच्या पलीकडे, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात. तिथल्या शाळांना यांचं सॉफ्टवेअर हवं होतं, नाताळाच्या आधी. पण त्यांचे नियम वेगळे. तिथे थंडी एका आकड्याखाली गेली की शाळा दोन तास उशिरा, आणखी खाली गेली की बंद. शिवाय सगळं फॅरनहाइटमध्ये. थंडीचा अर्धा भाग नव्याने बांधावा लागणार होता, आणि एकटी आर्लीन ते वेळेत करेल हे शक्य नव्हतं.

मालक मेनो गीसब्रेख्ट तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. तो तिचा मामेभाऊ, त्यामुळे मालकासारखं बोलायची सोय त्याला नाही.

"आर्लीन, एल्मडेल गेलं तर फार्गोच्या मोठ्या कंपनीकडे जाईल. आणि मग एकेक करून बाकीचे."

"जाऊ दे."

"आणि आपण इथे टायर विकू?"

"तुला जमेल. अंगाने तू तसाच आहेस."

मेनो हसला नाही. "मला एकच सांग. थंडीचा भाग गड्याच्या हातात द्यायचा का नाही? हो म्हणालीस तर तुझ्या भरवशावर देतो. नाही म्हणालीस तर एल्मडेलला नाही कळवतो. पण तुझ्या तोंडून हवं."

म्हणजे निर्णय सगळा तिच्या डोक्यावर आला. हो म्हणावं आणि गड्याने काही घोळ घातला तर एल्मडेलची पोरं वाऱ्यात उभी. नाही म्हणावं तर टायसनसकट सगळ्यांची उद्याची भाकरी फार्गोच्या ताटात. रूडीला घरी विचारलं, तर तो व्हेरेनिकीवर, म्हणजे उकडलेल्या करंज्यांवर, साय ओतता ओतता म्हणाला, "तुला माणसांचाच भरवसा नसतो. मशीनवर नाराज होण्याआधी त्याला माणसांच्या रांगेत तरी उभं कर."

सकाळी तिने टायसनला सांगितलं, "करू दे त्याला. पण तपासायच्या चाचण्या मी ठरवणार."

गड्याने काम झटक्यात केलं. सोबत, अमुक थंडीला सॉफ्टवेअर काय म्हणतं ते तपासणाऱ्या स्वतःच्या चाचण्याही जोडल्या, ढीगभर. उणे दहा, उणे वीस, उणे पंचवीस, उणे तीस. आर्लीनने त्या पाहिल्या आणि कपाळाला आठी घातली. "ही काय पोतं भरायची पद्धत? गवत घालून वजन वाढवलंय." तिने त्या सरसकट खोडल्या आणि आपल्या दोन लिहिल्या. एक, साधा उबदार दिवस. दुसरी, उणे चाळीस.

या भागात थंडीचा खरा मापदंड उणे चाळीस. आजोबांची गाय उणे चाळीसमध्ये व्यायली, बाबांचा ट्रक उणे चाळीसमध्ये सुरू झाला, लग्नात वऱ्हाड उणे चाळीसमध्ये आलं. खोटं बोलायचं झालं तरी माणूस उणे चाळीसच सांगतो. आणि वर ऐटीत पुस्ती जोडतो, "सीमेच्या अलीकडे मोजा नाहीतर पलीकडे, चाळीस ते चाळीसच!" हे खरंही आहे. सेल्सियस आणि फॅरनहाइट, दोन्ही मापं त्या एकाच आकड्यावर येऊन मिळतात.

दोन्ही चाचण्या पास झाल्या. आर्लीनने वाचलं, टरफलांचा वेग कुठे मंदावला नाही, आणि तिने होकार दिला. मेनोलाही कळवलं, "रंगीत तालीम होऊ दे. ती नीट झाली तर माझं हो."

तालमीत पालकांना काही जाणार नव्हतं. सॉफ्टवेअरचा निरोप फक्त एल्मडेलच्या बसप्रमुखाला, लॉईड हॉगनला, जाणार. हा लॉईड नॉर्वेजियन वंशाचा, शब्द मोजून बोलणारा. पण तालमीच्या पहिल्याच थंड सकाळी त्याचा फोन आला आणि तो हसत होता. तेवढ्यानेच आर्लीनने बियांची पुडी बाजूला ठेवली.

"आर्लीनबाई, तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय, बसगाड्या वेळेवर सोडा."

"मग?"

"मग इथे वारा धरून उणे सव्वीस आहे. माझ्या कुत्र्याने दारातून बाहेर बघितलं आणि परत जाऊन झोपला. आमच्या नियमाने उणे वीसलाच दोन तास उशीर. मी आपलं माझ्या डोक्याने उशीर जाहीर केला."

आर्लीनने फोन ठेवला आणि उठली. चालताना तिच्या पायात जी लय होती ती दुःखी बाईची नव्हती. टायसनच्या टेबलावर तिने दोन्ही हात टेकले. "तुझ्या गड्याने शेजाऱ्याचं शेत नांगरलं!"

टायसनचा चेहरा पडला. "काय केलं त्याने?"

"ते तूच शोध. मी म्हणत नव्हते? महिनाभर कानीकपाळी ओरडतेय!"

"टांटे, होकार तुझा होता."

हे तो हळू म्हणाला, पण टायरच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असावं. आर्लीन तिथेच खुर्ची ओढून बसली. दोघांनी मिळून कोड उघडला. चूक सापडायला वेळ लागला नाही. एल्मडेलची मर्यादा गड्याने इमानदारीत फॅरनहाइटमधून सेल्सियसमध्ये आणली होती, उणे वीसची उणे एकोणतीस. कारण आर्लीनचा जुना कोड सगळा सेल्सियसमध्ये. पण हवामान केंद्राकडून येणारा आकडा? तो त्याने सेल्सियसच धरला, कारण जुन्या कोडमध्ये तो सेल्सियसच असायचा. पलीकडचं केंद्र फॅरनहाइट पाठवतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलंही नव्हतं. त्यामुळे आकडा आला उणे सव्वीस, मर्यादा उणे एकोणतीस, आणि सॉफ्टवेअर म्हणालं, चला, उबदार आहे.

"आणि उणे चाळीसला कळलं कसं नाही?" टायसनने विचारलं.

आर्लीनला कळलं होतं. जगातले सगळे आकडे सोडून तिने नेमका तोच निवडला होता, जिथे ही चूक दिसूच शकत नाही. तिच्या बापजाद्यांच्या बढाईचा आकडा.

"त्याच्या चाचण्या मी खोडल्या नसत्या तर..." ती म्हणाली. तिचा आवाज प्रथमच उतरला होता. "उणे पंचवीस होती त्यात. परत लाव त्या."

टायसनने त्या परत लावल्या. दोघं पडद्याकडे बघत राहिली. एकूण एक चाचणी पास झाली.

"आँ?"

टायसन गोंधळला, पण आर्लीन हळूहळू ताठ बसली. "पास होणारच रे. त्याच डोक्याने गणित घातलं आणि त्याच डोक्याने उत्तर तपासलं. आकडा सेल्सियसमध्ये येतो हा त्याचा समज, मग चाचणीतही आकडे सेल्सियसचेच. स्वतःच्या पोरीची पाककृती स्वतःच चाखून पहिला नंबर देण्यासारखं झालं." ती थांबली. "आणि मी तरी वेगळं काय केलं? त्याने त्याच्या समजुतीतून चाचणी लिहिली, मी माझ्या."

"मग आता मेनोला काय सांगायचं? नाही?"

खरं तर नाही म्हणायला याहून चांगलं निमित्त मिळणार नव्हतं. मेनोने ते मुकाट्याने ऐकलंही असतं. आर्लीनने क्षणभर तो विचार करून पाहिला. पण मग गेल्या वीस वर्षांत तिने एकटीने लिहिलं, तिने एकटीने तपासलं, त्याचं काय? ते कुठल्या डोक्याने तपासलं होतं?

"लॉईडला फोन लाव," ती म्हणाली.

लॉईडला तिने एकच विचारलं. "तुम्हाला आठवतील तेवढ्या थंड सकाळी सांगा. काटा कुठे होता आणि तुम्ही काय केलंत. नियम सांगू नका, सकाळी सांगा."

"हे काय लग्न ठरवताय का?" लॉईड म्हणाला. पण बसवाल्याला थंडी आठवते, जशी शेतकऱ्याला गारपीट. तो सांगत गेला. उणे अठरा, वेळेवर सोडल्या आणि पस्तावलो. उणे बावीस, दोन तास उशीर. उणे छत्तीस, बंद, आणि चर्चमध्ये लोकांनी माझे आभार मानले. एक सकाळ अशी, की केंद्राचा काटाच गोठला, आकडाच आला नाही.

"मग काय केलंत?"

"दार उघडून बाहेर गेलो. नाक सांगतं."

मग आर्लीनने असं केलं, जे तिच्याकडून कुणी अपेक्षिलं नव्हतं. तिने टायसनला गड्याशी नवा संवाद उघडायला लावला. कोरा. ज्याने कोड लिहिला त्याला यातलं काही सांगायचं नाही, आणि ह्या नव्याला तो कोड दाखवायचा नाही. त्याला फक्त एल्मडेलचा नियम आणि लॉईडच्या सकाळी, फॅरनहाइटमध्ये, द्यायच्या. आणि सांगायचं, ह्यावर चाचण्या लिही, आणि हे सॉफ्टवेअर कसं फसेल तेवढं शोध.

"म्हणजे गड्याच्या मागे गडी लावायचा?"

"एका गड्याने नांगरायचं, दुसऱ्याने बांधावरून बघायचं. आणि बांध कुठे आहे ते लॉईड सांगणार, दोघांपैकी कुणी नाही."

नव्या गड्याच्या चाचण्या धडाधड नापास झाल्या. उणे बावीस, नापास. उणे सव्वीस, नापास. उणे छत्तीससुद्धा नापास. शाळा बंद हवी होती आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं, दोन तास उशिरा या. टायसन दर नापासाला असा खूश होत होता की जणू जुळ्या एकदम झोपल्या.

पण शेवटच्या नापासाशी तो थांबला. "टांटे, ही चूक एल्मडेलची नाहीये."

ती गोठलेल्या काट्याची होती. केंद्राकडून आकडा आलाच नाही तर कोड त्या रिकाम्या जागेला शून्य समजत होता. आणि शून्य म्हणजे इथल्या हिवाळ्यात पोरं टोप्या काढून फिरतात तो दिवस. बसगाड्या वेळेवर. हा भाग गड्याने लिहिलेला नव्हता. तो आर्लीनचा होता, मूळचा, आणि आजही मॅनिटोबातल्या शाळांच्या बसगाड्या त्याच्यावर चालत होत्या.

टायसनने नजर पडद्यावरच ठेवली. हा त्याचा चांगुलपणा.

"बोल की," आर्लीन म्हणाली. "तोंड बांधून बसलायस ते शोभत नाही."

"मी म्हणणार होतो, काटा इकडे कधी गोठला नाही हे नशीब."

"नशिबावर वीस वर्षं बस चालवली मी," आर्लीन म्हणाली आणि मान मागे टाकून हसली. माडीवर तिचं हसणं इतकं दुर्मीळ की खालून टायरवाल्याने वर डोकावून विचारलं, कुणी पडलं का.

ती मेनोकडे गेली ती तशीच हसऱ्या चेहऱ्याने, त्यामुळे मेनो घाबरून उभाच राहिला.

"माझं हो," ती म्हणाली. "गड्याला थंडीच्या भागात घ्यायचं. माझ्या जुन्या कोडमध्येसुद्धा."

"पण लॉईडचा फोन... टायसन म्हणाला..."

"बस. सांगते. त्याने घोळ घातला, मीही घातला, आणि माझा जुना आहे. फरक एवढाच, की त्याचा घोळ सापडला तो पहिल्याच थंड सकाळी, कारण आपण तालीम ठेवली. माझा सापडला नाही, कारण माझ्या मागे बांधावर कुणी उभंच नव्हतं. त्याला काढून मी एकटी लिहिलं तर आपण काही शहाणे होत नाही, फक्त सावकाश चुकतो." तिने दम घेतला. "पण लगाम घालणार. कोड ज्याने लिहिला त्याने चाचणी लिहायची नाही, मग तो गडी असो की मी. चाचणीतल्या सकाळी शाळेच्या माणसाकडूनच यायच्या. आकड्याशेजारी त्याची जात लिहिल्याशिवाय, म्हणजे सेल्सियस की फॅरनहाइट, आकडा आत घ्यायचा नाही. आकडा आलाच नाही तर सॉफ्टवेअरने गप्प बसून माणसाला उठवायचं. आणि गड्याने एका दिवसात किती लिहायचं ते मी किती वाचू शकते त्यावर ठरणार. डोंगर पाठवलात तर डोंगर परत."

"एवढं करून त्याचा फायदा काय उरला?"

"एल्मडेलला नाताळाच्या आधी मिळेल, हा. आणि मी वाचत बसेन, लिहीत नाही. ते मला जास्त चांगलं येतं."

मेनोने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुझा भरवसा आहे?"

"गड्यावर? नाही. पण आता आपण काम ज्या रीतीने करणार आहोत त्या रीतीवर आहे. गुरांवर कोण भरवसा ठेवतो? कुंपणावर ठेवतात."

मॅनिटोबाच्या शाळांना त्याच दुपारी फोन गेले, की आकडा न येण्याची एक त्रुटी होती ती काढली आहे, आणि ती कुणाची होती हेही आर्लीनने स्वतःच सांगितलं. एका शाळेच्या बाईंनी विचारलं, "ही त्या नवीन मशीनची चूक ना?" आर्लीन म्हणाली, "नाही हो, जुन्या मशीनची. तिचं नाव आर्लीन."

तालीम आणखी काही थंड सकाळी चालली. निरोप लॉईडला जाई, लॉईड दाराबाहेर नाक काढून पडताळे आणि एका शब्दात कळवे, "बरोबर." मग खरी सकाळ आली. सॉफ्टवेअरने त्याच्या फोनवर लिहिलं: वारा धरून उणे चोवीस, फॅरनहाइट, एल्मडेलचं केंद्र, आकडा आत्ताचा. नियमाने शाळा दोन तास उशिरा. पालकांना कळवू?

खाली दोन बटणं होती, हो आणि नाही. ती ठेवायचा आग्रहही आर्लीनचाच. लॉईडने हो दाबलं, आणि एल्मडेलच्या शेतघरांमध्ये शेकडो फोन किणकिणले, आणि पोरं पांघरुणात परत शिरली.

कचेरीत टायसनने कॉफी ओतता ओतता विचारलं, "टांटे, आता तरी म्हण."

"काय?"

"छान आहे."

आर्लीनने पडद्यावर पुढचं काम उघडलं. गड्याने रात्रीतून पाठवलेलं, रस्त्यांच्या नव्या नकाशाचं, नीटनेटकं, इस्त्रीचं. तिने पहिली ओळ वाचली, मग दुसरी.

"ह्याच्या चाचण्या कुणी लिहिल्यात?" तिने विचारलं.